आकार नसलेल्या प्रथिनाची गोष्ट

पोरांनो, लेहला विमानातून उतरलं की हॉटेलवाला आधी बजावतो, आज कुठे फिरू नका, पडून राहा. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे एका श्वासात समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश ऑक्सिजन मिळतो. चार पायऱ्या चढल्या की धाप लागते, डोकं जड होतं. दोन-तीन दिवसांत माणूस सावरतो, आणि काही आठवडे मुक्काम केला तर रक्तातल्या तांबड्या पेशीही वाढतात. हे सगळं कोण घडवून आणतं? फुप्फुसं आणि हृदय जोर लावतात हे खरंच, पण त्यांच्याही खाली, शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत, एक प्रथिन ऑक्सिजनवर नजर ठेवून असलेल्या यंत्रणेच्या मधोमध उभं असतं. त्याचं नाव हिफ-१ अल्फा. आपण त्याला नुसतं हिफ म्हणू. त्याचं नवल असं, की ज्या टोकाने ते आपलं मुख्य काम करतं त्या टोकाला स्वतःचा असा आकारच नाही.

आता आकार नाही म्हणजे काय, हे कळायला जरा मागे जाऊ या.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. अमिनो आम्लं वीस प्रकारची. त्यांतली काही तेलकट स्वभावाची, पाण्यापासून दूर पळणारी. काही पाण्याशी मैत्री असलेली, काहींवर धन विद्युतभार, काहींवर ऋण. पेशी ही साखळी एकेक अमिनो आम्ल जोडत तयार करते आणि सोडून देते. मग बहुतेक साखळ्या आपण होऊन दुमडतात. तेलकट अमिनो आम्लं पाणी टाळायला एकमेकांना बिलगून आत जातात, पाण्याशी पटणारी बाहेरच्या अंगाला राहतात, आणि बघता बघता एक घट्ट, ठरावीक आकाराचा गोळा तयार होतो.

या आकारावर शास्त्रज्ञांचा फार जीव, आणि तो का नसावा? १८९४ साली एमिल फिशर यांनी सांगितलं, की विकर आणि ज्यावर ते काम करतं तो पदार्थ कुलूप-किल्लीसारखे जुळतात. १९५८ साली केंब्रिजमध्ये जॉन केंड्र्यू यांनी देवमाशाच्या स्नायूतल्या मायोग्लोबिनचा आकार दाखवला. प्रथिनाचा तसा आकार माणसाने तेव्हा पहिल्यांदा पाहिला. १९६३ साली आपल्या मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखळीचे कोणते पीळ शक्य आहेत आणि कोणते नाहीत याचा नकाशाच काढला. जगभरच्या प्रयोगशाळा तो आजही रोज वापरतात. साखळीतल्या अमिनो आम्लांचा क्रमच तिचा आकार ठरवतो हे दाखवणाऱ्या ख्रिश्चन अँफिन्सन यांना १९७२ चं नोबेल मिळालं.

हे सगळं खरं आहे आणि सुंदर आहे. पण त्यातून मनाला एक सवय जडली. प्रथिन म्हटलं की आकार आलाच, आकार असला तरच काम होणार, आणि आकार नसलेलं प्रथिन म्हणजे बिघडलेलं प्रथिन. अशी प्रथिनं नजरेत तरी कशी यावीत? आकार पाहायचा तर आधी प्रथिनाचा स्फटिक बनवावा लागे, आणि सतत वळवळणाऱ्या साखळ्यांचा स्फटिक जमत नाही. मोठ्या प्रथिनाचा एखादा भाग तसा असला, तर चित्रात तिथे नुसती मोकळी जागा दिसायची. लोक ती मोकळी जागा ओलांडून पुढे जात.

काही खुणा मात्र डोळ्यांसमोर होत्या. अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं, कारण त्यातल्या प्रथिनांचा आकार मोडतो आणि ती एकमेकांत गुंततात. पण पेशीच्या विभाजनाला लगाम घालणारं पी-२७ नावाचं प्रथिन उकळून पाहा. गार झाल्यावर ते पुन्हा आपलं काम करतं. ज्याला आकारच नाही त्याचं उकळून काय मोडणार?

१९९६ साली कॅलिफोर्नियात ला होया इथल्या स्क्रिप्स संस्थेत रिचर्ड क्रिवाकी, पीटर राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पी-२७ चंच भावंड असलेलं पी-२१ तपासलं. ते एकटं असताना त्याला आकाराचा मागमूसही नव्हता. आपल्या जोडीदाराशी गाठ पडताच मात्र ते शिस्तीत बसलं. १९९९ मध्ये राइट आणि जेन डायसन यांनी एक लेख लिहून उघडच म्हटलं, की आकार असेल तरच काम हा नियम आपल्याला पुन्हा तपासायला हवा. कीथ डंकर, व्लादिमिर उव्हर्स्की अशी मंडळी दुसऱ्या वाटेने तिथेच पोचली होती. त्यांनी साखळ्यांतली अक्षरं वाचली आणि दाखवलं, की आकार नसणंही क्रमातच लिहिलेलं असतं. तेलकट अमिनो आम्लं फार थोडी, विद्युतभार असलेली भरपूर, आणि मधे मधे पीळ मोडणारं प्रोलीन. अशी साखळी दुमडणार कशाच्या आधाराने? आजचा ढोबळ अंदाज असा, की माणसाच्या सुमारे एक तृतीयांश प्रथिनांत असा लांबलचक बिनआकाराचा भाग असतो. म्हणजे ही चार-दोन प्रथिनांची तऱ्हा नाही. आपण सगळे तिच्यावर उभे आहोत.

लग्नात तुम्ही पुणेरी पगडी पाहिली आहे आणि कोल्हापुरी फेटाही. पगडी येते तीच घडीव. तिचं माप ठरलेलं. डोकं त्या मापाचं असेल तर बसते, नाहीतर नाही. फेटा येतो तेव्हा नुसतं आठ-नऊ मीटर कापड असतं. बांधणारा एक टोक मागे सोडतो, पहिला वेढा घेतो, त्यावर दुसरा, आणि डोक्याच्या बेताने फेट्याला आकार येत जातो. नवरदेवाच्या डोक्यावर तो एका तऱ्हेने बसतो, तेच कापड छोट्या भाच्याच्या डोक्यावर वेगळं बसतं. वेढे पक्के झाले तरी मागचा शेमला मोकळाच राहतो. घडीव आकाराची प्रथिनं पगडीच्या जातीची, आणि हिफचं ते टोक फेट्याच्या जातीचं. पेशीत बांधणारा मात्र कोणी नसतो. कापड स्वतःच धडपडत, चाचपडत वेढे घेतं.

आता हिफकडे वळू.

पेशी हिफ सतत बनवत असते, आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर सतत मोडतही असते. भरल्या ऑक्सिजनात हिफचं निम्मं आयुष्य पाचेक मिनिटांचं. हा उधळेपणा वाटेल, पण संकट आल्यावर साखळी बनवायला घेतली तर वेळ जातो. मोडणं थांबवलं की प्रथिन लगेच साठू लागतं.

मोडण्याची व्यवस्था ऑक्सिजनवरच चालते. हिफच्या साखळीत ४०२ आणि ५६४ या क्रमांकांवर प्रोलीन आहे. एक विकर हवेतल्या ऑक्सिजनचा अणू घेऊन या प्रोलीनला चिकटवतं. ही खूण दिसली की व्हीएचएल नावाचं प्रथिन हिफला पकडतं, आणि त्याच्यावर शिक्का बसून ते पेशीच्या मोडणी यंत्रात जातं. व्हीएचएलच्या खाचेत हिफचा तो तुकडा ताणून सरळ पडलेला असतो. हा तिढा सोडवणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा यांना २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. ज्या घराण्यांत व्हीएचएलमध्येच दोष असतो, तिथे हिफ मोडलं जात नाही, आणि मूत्रपिंडात, डोळ्यांत, मेंदूत रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठी होतात. हिफ वेळेवर थांबलं नाही तर काय होतं, ते अशा घरांनी सोसलेलं आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा पहारा हिफच्या शेपटाशी असतो. तिथे ८०३ व्या जागेवर अ‍ॅस्पॅराजीन नावाचं अमिनो आम्ल आहे. त्यालाही एक वेगळं विकर ऑक्सिजनचा एक अणू लावतं. त्या वेळी हा तुकडा विकराच्या तोंडात मोकळा, उलगडलेला असतो, आणि अ‍ॅस्पॅराजीन बरोबर आत वळलेलं असतं.

लेहच्या विमानतळावर तुमच्या पेशींत ऑक्सिजन घटतो आणि ही दोन्ही विकरं मंदावतात. हिफ साठतं, केंद्रकात शिरतं, आपल्या जोडीदाराला घेऊन डीएनएवर ठरावीक जागी बसतं. एरिथ्रोपोएटिन, ज्याच्या हुकमाने अस्थिमज्जा तांबड्या पेशी बनवते, त्याचं जनुक तिथे असतं. नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं, साखरेतून ऑक्सिजनवाचून ऊर्जा काढणारं, अशी कितीतरी जनुकं. पण नुसतं जाऊन बसल्याने जनुक जोमाने चालू होत नाही. त्यासाठी सीबीपी नावाच्या अवाढव्य प्रथिनाला तिथे ओढून आणावं लागतं. सीबीपी गुंडाळलेला डीएनए सैल करतं आणि जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला जागा करून देतं. आणि सीबीपीला पकडायचं काम हिफ आपल्या त्या बिनआकाराच्या शेपटाने करतं.

सीबीपीमध्ये टॅझ-१ नावाचा एक छोटा गड्डा आहे. शंभरेक अमिनो आम्लं, त्यांत चार पीळ, आणि तो आकार धरून ठेवायला जस्ताचे तीन अणू. गड्डा तीनेक नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले तीन. हिफचं शेपूट ५१ अमिनो आम्लांचं. पूर्ण ताणलं तर अठरा नॅनोमीटरच्या आसपास भरेल. २००२ साली या दोघांचं एकत्र चित्र मिळालं. एकटं असताना वळवळणारं ते शेपूट टॅझ-१ भोवती जवळजवळ पूर्ण वेढा घालून बसलं होतं, आणि वेढा घालताना त्याच्यात तीन ठिकाणी सुबक पीळ तयार झाले होते. ८०३ वरचं अ‍ॅस्पॅराजीन आता पिळात आत दडलेलं. म्हणूनच त्याच्यावर ऑक्सिजनचा एक अणू जास्त असला तर तिथे दाटी होते आणि वेढा बसत नाही. एकच साखळी, पण व्हीएचएलच्या खाचेत ती सरळ पडते, विकराच्या तोंडात उलगडते आणि टॅझ-१ वर पीळ घेते. घडीव प्रथिनाला हे कसं जमावं?

आता तुमच्यातलं कोणीतरी विचारेल, आधी आकार घेऊन मग बसतं, की आधी बसून मग आकार घेतं? शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला होता. २००७ साली केन्जी सुगासे, डायसन आणि राइट यांनी सीबीपीच्याच दुसऱ्या एका गड्ड्यावर तो तपासला. तिथे क्रेब नावाच्या प्रथिनाचा असाच मोकळा तुकडा येऊन बसतो. दिसलं असं, की तुकडा बिनआकाराचाच येतो, इथे-तिथे सैलसर टेकतो, आणि मग त्या पृष्ठभागावरच हळूहळू पीळ घेत घट्ट होतो. सगळ्याच जोड्यांत अगदी असंच होतं असं नाही. काही तुकड्यांत एखादा पीळ एकटेपणीही क्षणभर डोकावून जातो. पण आधी भेट आणि मग घडण हा क्रम पुष्कळ ठिकाणी आढळला आहे. टॅझ-१ वर धन विद्युतभार भरपूर, त्याला चिकटणाऱ्या शेपटांवर ऋण. त्यामुळे दोघं दुरूनच एकमेकांकडे खेचली जातात आणि भेट फार लवकर घडते.

या घडणीला किंमत पडते. मोकळ्या साखळीला अगणित रूपं घेता येत असतात, क्षणाक्षणाला ती बदलत असते. एका जागी बांधून घ्यायचं म्हणजे ते सगळं स्वातंत्र्य सोडायचं, आणि निसर्ग त्याचा हिशेब ऊर्जेत मांडतो. वेढा लांब असल्याने स्पर्शाच्या जागा खूप, म्हणून ओळख पक्की. पण स्पर्शांतून मिळालेल्या ऊर्जेतला मोठा हिस्सा स्वातंत्र्याच्या किमतीत वजा होतो, म्हणून पकड कायमची होत नाही. ओळख काटेकोर आणि तरी सुटका शक्य, हे दोन्ही एकत्र साधणं पेशीसाठी फार मोलाचं आहे.

इथे एक आडवाट घेतो, कारण ती सोडवत नाही. सगळीच अशी प्रथिनं बसल्यावर आकार घेतात असं समजू नका. डीएनए गुंडाळून ठेवायला मदत करणारं हिस्टोन एच-१ आणि त्याला सांभाळणारं प्रोथायमोसिन अल्फा ही एक जोडी आहे. एकावर ५३ धन भार, दुसऱ्यावर ४४ ऋण. २०१८ साली झुरिकच्या बेन शूलर आणि कोपनहेगनच्या बिर्टे क्रागेलुंड यांच्या गटांनी दाखवलं, की ही दोघं एकमेकांना विलक्षण घट्ट धरतात, आणि तरी धरल्यानंतरही दोघांना आकार नसतो. दोन्ही साखळ्या एकमेकींत वळवळत राहतात, कोणताही भाग कोणत्याही भागापाशी कायम नाही, नुसता भार भाराला ओढतो. मला तर हे वाचून कितीतरी वेळ दुसरं काही सुचत नव्हतं.

असो. हिफने टॅझ-१ पकडलं, जनुकं चालू झाली. त्या जनुकांत एक जनुक असं आहे की ते हिफच्याच विरोधात काम करणारं प्रथिन बनवतं. त्याचं नाव सिटेड-२. म्हणजे संकटाशी लढायची व्यवस्था उभी करतानाच ती आवरायची तजवीजही हिफ करून ठेवतं. सिटेड-२ आणि हिफचं हे नातं १९९९ मध्ये शौमो भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. सिटेड-२ लाही असंच बिनआकाराचं शेपूट आहे आणि तेही टॅझ-१ भोवतीच वेढा घालतं. दोघांच्या शेपटांत चार अमिनो आम्लांचा जवळजवळ सारखा तुकडा आहे: ल्युसीन, प्रोलीन, मग हिफमध्ये ग्लुटामीन आणि सिटेड-२ मध्ये ग्लुटामिक आम्ल, मग पुन्हा ल्युसीन. टॅझ-१ वर हा तुकडा दोघांचाही एकाच जागी बसतो.

आता कोडं असं. टॅझ-१ ला धरून ठेवण्याची दोघांची ताकद वेगवेगळी मोजली तर ती सारखीच भरते. मग टॅझ-१, हिफचं शेपूट आणि सिटेड-२ चं शेपूट सारख्या मापाने एकत्र केलं, तर निम्म्या टॅझ-१ वर हिफ आणि निम्म्यावर सिटेड-२ दिसायला हवं. शाळेतलं गणित हेच सांगेल.

स्क्रिप्समध्ये रेबेका बर्लो, डायसन आणि राइट यांनी हे करून पाहिलं. त्यांचं साधन होतं एनएमआर. तुमच्या आजीचा गुडघा ज्या एमआरआयमध्ये पाहिला, त्याचं मूळ तंत्र हेच. मुंबईला कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अशी मोठी यंत्रं १९८० च्या दशकापासून आहेत. त्यात प्रथिन मोठ्या चुंबकाच्या पोटात ठेवतात आणि रेडिओ लहरींनी त्याच्या अणूंना हलकेच छेडतात. टॅझ-१ मध्ये नायट्रोजनचा एक जडसर प्रकार घातला, की त्याचं जवळजवळ प्रत्येक अमिनो आम्ल कागदावर एक ठिपका देतं. शेजारी कोण येऊन बसलं त्याप्रमाणे ठिपका सरकतो. हिफ बसलं की ठिपक्यांची एक मांडणी, सिटेड-२ बसलं की दुसरी. तिघांना सारख्या मापाने एकत्र केल्यावर दोन्ही मांडण्यांचं मिश्रण दिसायला हवं होतं. दिसली ती फक्त सिटेड-२ ची मांडणी. हिफ टॅझ-१ वरून जवळजवळ पुरतं हटलं होतं. उलट करून पाहिलं, आधी सिटेड-२ बसवून मग हिफ घातलं, तर हिफला त्याला हलवता येईना. पकड सारखी, पण जिंकणारा एकच, आणि तोही दर वेळी. २०१७ साली हे काम ‘नेचर’मध्ये छापून आलं.

हे घडतं कसं, त्यातच या प्रथिनांची सगळी किमया आहे. हिफचा वेढा टॅझ-१ भोवती बसलेला असला तरी तो एकसंध कडक नाही. त्याचे भाग आपापल्या परीने सैल होतात, पुन्हा बसतात. सिटेड-२ हिफ निघून जाण्याची वाट पाहत नाही. त्याच्या शेपटाचा पुढचा भाग पीळ घेत टॅझ-१ वर टेकतो, आणि तेव्हा हिफ अजून तिथेच असतं. क्षणभर एका टॅझ-१ वर दोघांचेही वेढे, एकाच डोक्यावर एक फेटा सुटत असताना दुसरा चढू लागावा तसे. मग चार अमिनो आम्लांच्या त्या सामाईक जागेसाठी चढाओढ होते. हिफचा तुकडा जरा उचकटला की सिटेड-२ चा तुकडा तिथे बसतो. तो बसताच टॅझ-१ स्वतःही किंचित बदलतं, आणि त्या बदललेल्या रूपावर हिफचे उरलेले भाग नीट टिकत नाहीत. ते आणखी लवकर सुटतात. सिटेड-२ पूर्ण बसलं, की टॅझ-१ त्याला सोयीच्या रूपात राहतं, आणि हिफला परत पाय रोवायला जागा मिळत नाही. म्हणून रस्ता एकतर्फी.

समजा हिफ आणि सिटेड-२ दोघंही पगडीच्या जातीचे असते. मग एकाच जागेवर एका वेळी एकच बसला असता. दुसऱ्याला पहिला आपण होऊन उठेपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि पकड घट्ट असताना ते उठणं लवकर होत नाही. त्याला हुसकवायचं तर दुसऱ्याने संख्येने कितीतरी पट यायला हवं होतं. पेशीला तेवढं सिटेड-२ बनवत बसावं लागलं असतं, आणि तोवर हिफ आपलं काम रेटतच राहिलं असतं. अर्धवट सुटू शकणं, अर्धवट बसू शकणं, आणि दोघांनी क्षणभर एकाच ठिकाणी नांदणं, हे बिनआकाराच्या साखळ्यांनाच साधतं. त्यामुळे थोडंसं सिटेड-२ तयार झालं की हिफचं काम झपाट्याने उतरतं. मला विचाराल तर या प्रथिनांचा खरा पराक्रम बसण्यात नाही, वेळेवर उठवता येण्यात आहे. व्हीएचएल बिघडलेल्या घराण्यांची आठवण ठेवा म्हटलं होतं, ते याचसाठी. हिफ साठू देणं जितकं जरूर, तितकंच ते आवरणंही. ऑक्सिजन परत आला तरी पेशी साखर जाळतच राहिली, रक्तवाहिन्या वाढवतच राहिली, तर तेच दुखणं होतं.

ही गोष्ट फक्त डोंगरावरच्या प्रवाशांची नाही. आईच्या पोटातल्या बाळाला ऑक्सिजन मोजकाच मिळतो, आणि त्याचं हृदय, रक्तवाहिन्या घडताना हिफ सारखं कामात असतं. २००१ साली सिटेड-२ चं जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास छापून आला. ती पिल्लं जन्मालाच येऊ शकली नाहीत. त्यांच्या हृदयाची घडण चुकली होती, अधिवृक्क ग्रंथी झाल्याच नव्हत्या. सिटेड-२ ची इतर कामंही आहेत, तेव्हा सगळा दोष हिफवर टाकता येणार नाही. पण हे छोटं प्रथिन किती गरजेचं आहे ते त्यावरून कळतं. तिबेटच्या पठारावर हजारो वर्षं राहिलेल्या लोकांत या यंत्रणेतल्या जनुकांची वेगळी रूपं आढळली आहेत, ती हिफच्या भावंडाची आणि प्रोलीनला ऑक्सिजन लावणाऱ्या विकराची. तिथल्या पुष्कळांचं रक्त इतक्या उंचीवरही फारसं दाट होत नाही.

आणि सीबीपीच्या त्या टॅझ-१ वर नजर ठेवून असलेले हिफ आणि सिटेड-२ हे दोघंच नाहीत. सीबीपीशी शेकडो प्रथिनांचा संबंध येतो, त्यांतली पुष्कळ अशीच मोकळ्या शेपटांची. सीबीपीची स्वतःची साखळीही निम्म्याहून जास्त बिनआकाराची आहे. घडीव गड्डे एकमेकांपासून दूर दूर, आणि त्यांना जोडणारे लांब सैल भाग मधे. कर्करोगाची औषधं शोधणारे लोक या जागांकडे आशेने पाहतात आणि थकतातही, कारण औषधाचा रेणू अडकवायला खोलगट खाच हवी, आणि वळवळणाऱ्या साखळीत ती मिळत नाही. जिथे वेढा बसतो ती जागाही उथळ आणि पसरट असते. तरी कामाला लागलेले आहेत, आणि लागलेलं बरं.

तर लेहला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुमचं शरीर रुळू लागतं, तेव्हा हे सगळं तुमच्या आत चाललेलं असतं. टॅझ-१ वरून हिफ हटलं, की हिफच्या जोरावर चालणाऱ्या जनुकांचा वेग उतरतो, आणि त्यांत सिटेड-२ चं जनुकही आलंच. पेशीतलं कोणतंच प्रथिन कायमचं नसतं, सिटेड-२ सुद्धा मोडत जातं आणि टॅझ-१ पुन्हा मोकळं होतं. मग खारदुंगलाच्या वाटेवर गाडी वर चढू लागते, ऑक्सिजन आणखी घटतो, आणि केंद्रकात पुन्हा हिफ येऊ लागतं.